सगळ्यात लांब मालिका

चांगुणाचा सुनील रोज दोनदा वस्तीवर यायचा, आणि तरीही तो आला असं तिला कधी वाटायचं नाही. सकाळी यायचा तो गायांसाठी आणि संध्याकाळी यायचा तोही गायांसाठी. धारा काढायच्या, वैरण टाकायची, दुधाच्या किटल्या गाडीला अडकवायच्या, आईनं पुढं केलेला चहा उभ्याउभ्या घशात ओतायचा आणि कीक मारायची. दूध डेअरीत घालून तो तसाच पुढं नेवाशाला जायचा. तिथं भाड्याच्या दोन खोल्यांत त्याची बायको मोनिका आणि मुलगी ज्ञानेश्वरी राहत होत्या. पोरीची इंग्रजी शाळा नेवाशात आणि शाळेची बस काही वस्तीपर्यंत येत नाही, म्हणून संसार तिकडं आणि गाया इकडं अशी वाटणी झाली होती. त्या वाटणीत चांगुणा गायांच्या बाजूला आली होती.

पोरगा नालायक निघाला असता तर तिला निदान चारचौघींत बसून रडता आलं असतं. पण सुनील गुणाचा. बीपीची गोळी संपायच्या आत नवी पट्टी आणून ठेवायचा, गॅसची टाकी कधी रिकामी पडू द्यायचा नाही, आईला कधी वर तोंड करून बोलला नाही. असल्या पोराची तक्रार करायची तर काय म्हणून करायची? तो बसत नाही म्हणून? 'माझं पोरगं माझ्यापाशी बसत न्हाई' हे वाक्य ती मनातसुद्धा पुरतं म्हणत नसे. आईनं असलं काही मागायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण ते तिला चांगलं येत होतं.

फक्त एकदा तिच्या तोंडून गेलं होतं. नवरा सूर्यभान वारला त्या वर्षीच्या दिवाळीत सुनील किटल्या अडकवत होता आणि ती म्हणाली, "बस की जरा."

सुनील लगेच थांबला. "का गं? काय काम हाय?"

काम काहीच नव्हतं. तिनं इकडं तिकडं पाहिलं, एखादं काम दिसतंय का म्हणून. नाही दिसलं. "काय न्हाई, जा," ती म्हणाली आणि तो गेला. त्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की सुनीलला बसवायचा तर हाताशी काम पाहिजे. आणि धारा झाल्यावर, दिवेलागणीला, सांगण्यासारखं काम म्हातारीनं आणायचं तरी कुठून?

ते काम पुढं दोन वर्षांनी वानरांनी मिळवून दिलं.

घरावरची डिशची छत्री सूर्यभाननं हौसेनं बसवलेली. तो कुस्त्या बघायचा, बाजारभाव बघायचा आणि रिचार्ज संपायच्या आत न चुकता नेवाशाला जाऊन यायचा. तो गेल्यावर सुनील मोबाईलवरूनच रिचार्ज मारू लागला. यंदा दिवाळी सरली आणि उसातून आलेल्या वानरांच्या टोळीनं छत्रीवर झोके घेऊन ती पार वाकवून टाकली. टीव्हीवर नुसता निळा पडदा राहिला. मग सुनीलनं गहिनीनाथला बोलावलं. त्याचं नेवाशात स्टँडमागं डिश बसवण्याचं दुकान होतं. माणूस बोलका आणि सरळ.

गहिनीनाथ शिडीवरून खाली उतरला आणि हात झटकत म्हणाला, "मावशी, छत्री गेली. आता दोन रस्ते हायेत. नवी छत्री बसवतो, रिचार्ज मारा, पहिल्यासारखं चालू. न्हाईतर हा बॉक्स घ्या. ह्याला छत्रीच नको. मालिका आज चुकली तर उद्या बघा, चार दिसांनी बघा. कधीबी बघा."

"छत्रीच बसव," सुनील गोठ्यातून म्हणाला. "आईला कुठं जमतोय बॉक्स."

चांगुणाही तेच म्हणणार होती. बॉक्सच्या रिमोटकडं बघूनच तिला धसका बसला होता. पण गहिनीनाथ सरळ माणूस, गिऱ्हाइकाला आधीच सगळं सांगून मोकळा होणारा. तो म्हणाला, "आन बॉक्सला एक अडचन बी हाय. त्याला नेट लागतं. हितं वायर यायची न्हाई. म्हंजी मोबाईलचं हॉटस्पॉट आलं. सुनीलभाऊंचा मोबाईल घरात असला का टीव्ही चालू. मोबाईल गेला का टीव्ही बंद."

चांगुणा हातातली वैरणीची पेंडी खाली ठेवून पुढं आली. "परत सांग."

त्यानं परत सांगितलं.

"माज्या मोबाईलवर चालत न्हाई?"

"तुमचा बटनाचा हाय. त्याला न्हाई जमत. सुनीलभाऊचाच लागनार."

"मंग बॉक्सच दे," चांगुणा म्हणाली.

सुनील गोठ्यातून बाहेर आला. "अगं आई, मी काय रोज हितं बसून ऱ्हाऊ का?"

"बसून कशाला ऱ्हातोस? एक मालिका झाली का जा." एवढं बोलून ती थांबली, आणि मग आयुष्यात कधी न वापरलेला शब्द तिनं वापरला. "दिसभर एकली असती. मला बी काय करमनूक नको का?"

आईनं इतक्या वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच वस्तू होती, आणि असल्या पोराला त्यापुढं नाही म्हणता येत नाही. तिलाही ते ठाऊक होतं. तिला जरा लाज वाटली, पण तिनं शब्द मागं घेतला नाही.

गहिनीनाथनं बॉक्स जोडला, सगळी अक्षरं मराठीत करून दिली. चांगुणा चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश का होईना वाचायची. सुनीलच्या मोबाईलमधल्या हॉटस्पॉटचं नावही त्यानं मराठीतच 'सुनील' असं टाकलं. मग टीव्ही लावून तिला दाखवलं, "हे बघा, मावशी. टीव्हीवर कोपऱ्यात 'सुनील' असं दिसलं आन त्याच्याखाली 'कनेक्ट केलेले' असं आलं, का समजायचं नेट आलं."

तिनं बोट फिरवत दोन्ही ओळी वाचल्या. मग सुनील किटल्या धुवायला गेलेला बघून हळूच विचारलं, "ह्याच्यात सगळ्यात लांब मालिका कंची रं?"

गहिनीनाथ हसला. त्यानं शोधून एक काढून दिली. तीन भाऊ, त्यांच्या तीन बायका आणि एक वाडा, त्याची वाटणी काही केल्या होत नव्हती. भाग हजारावर झाले होते आणि अजून चालूच होते. "ही संपायला लई दिस लागतील, मावशी."

"लागू दे," चांगुणा म्हणाली.

त्यानंतरचा महिना-दीड महिना तिला चांगला गेला. मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढं सांगण्यासारखं चांगलं फार नाही.

दुपार कलली की ती टीव्ही लावून ठेवायची. टीव्हीवर 'इंटरनेट नाही' एवढंच लिहिलेलं असायचं, तरी ती भाकरीचं पीठ मळता मळता तिकडं बघत राहायची. शेजारच्या वस्तीवरची तिची जाऊ भीमाबाई एकदा विरजण मागायला आली आणि बघतच राहिली. "आक्का, बंद टीव्हीकडं काय बघून ऱ्हायलीस? डोकं फिरलं का काय तुजं?"

"येतंय आता," चांगुणा म्हणाली.

वस्तीला लागूनच रस्ता, गाड्यांचा आवाज दिवसभर चालूच. सुनीलची गाडी कुठली आणि पाव्हण्यारावळ्याची कुठली, ते घरात बसून कळायचं नाही. तोही गाडी लावून परस्पर गोठ्यात शिरायचा. पण आता गाडी गोठ्यापाशी थांबली की दोन मिनिटांत टीव्हीच्या कोपऱ्यात नाव यायचं. सुनील. कनेक्ट केलेले. नाव दिसलं की चांगुणाचा जीव भांड्यात पडायचा आणि ती उठून चहाचं आधण टाकायची, दोन कप.

धारा झाल्या की सुनील हातपाय धुऊन आत यायचा, मोबाईल खिडकीत ठेवायचा आणि बाजेवर बसायचा. मालिका सुरू व्हायची. चांगुणाला मालिकेतलं काही कळायचं नाही. तीन भावांतला थोरला कुठला, मधला कुठला, तिला शेवटपर्यंत ओळखू आलं नाही. टीव्हीचा उजेड सुनीलच्या तोंडावर पडायचा, तेवढं ती बघायची. कानशिलावर त्याचे केस पांढरे झाले होते. इतके दिवस रोज दोनदा बघूनही हे तिनं पाहिलं नव्हतं. त्याच्या बापाचेही तिथूनच पांढरे झाले होते.

मजा अशी की बॉक्स तिच्या बाजूनं होता. मोबाईलवर कुणाचा फोन आला की टीव्ही अडकायचा, नुसतं चाक फिरत राहायचं. मग सुनील फोन थोडक्यात आटपायचा. आणि एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा. ही सोय तिला फारच आवडली. सूर्यभानच्या डिशमध्ये तर मालिका संपली की जाहिराती लागायच्या आणि माणूस उठायचा. इथं उठायला फटच नव्हती. तिनं रिमोट गोधडीखाली सारायला सुरुवात केली.

हळूहळू सुनीलच मालिकेत गुंतला. "हा धाकटा लई डांबरट दिसतो," तो म्हणायचा. "बघ, उद्या कसा उलटतो ते." चांगुणा "व्हय" म्हणायची आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायची. एक दिवस तिनं हुलग्याचे शेंगोळे केले. त्याला लहानपणापासून आवडायचे. त्यानं दोनदा मागून घेतले, आणि मग नेवाशाला जाऊन तिथंही जेवावं लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी हसत हसत पोट धरून दाखवलं.

एका संध्याकाळी लाईट गेली. टीव्ही बंद, बॉक्स बंद. चांगुणाला वाटलं, आता उठणार. पण तो उठला नाही. "यील पाच-दहा मिनिटांत," म्हणाला आणि अंधारात बसून राहिला. चुलीतल्या निखाऱ्यांचा तेवढा उजेड होता. मग तो आपणहून बोलायला लागला. दादा, म्हणजे त्याचा बाप, एकदा त्याला कुस्त्यांच्या फडात घेऊन गेले होते, गर्दीत चुकामूक झाली, आणि तो रडायचा सोडून रेवड्यांच्या गाडीपाशी उभा राहिला, कारण दादा कुठंही असले तरी रेवड्या घ्यायला येणारच हे त्याला माहीत होतं. "आन आले बी," सुनील म्हणाला. हे चांगुणानं कधी ऐकलं नव्हतं. बापलेकांनी तिच्या शिव्या चुकवायला ते लपवून ठेवलं होतं. ती हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, अंधार होता म्हणून बरं झालं. तेवढ्यात लाईट आली. वाड्यातले तीन भाऊ पुन्हा भांडायला लागले आणि सुनीलचं तोंड पुन्हा तिकडं वळलं. लाईट येऊ नये असं चांगुणाला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

तिथंच तिला शहाणपण यायला हवं होतं. टीव्ही बंद असतानाही तो बसला होता. 'बस, बोल काहीतरी' असं ती दुसऱ्या दिवशी म्हणाली असती तर कदाचित तो बसलाही असता. पण तिला मागणं येत नव्हतं, आणि न मागता मिळतंय तर मागायचं कशाला, असा तिनं हिशेब केला.

जानेवारीत ज्ञानेश्वरीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. सकाळी धारांना आला तेव्हाच सुनीलनं सांगितलं, "आई, आज बसायला जमनार न्हाई. ज्ञानूचा नाच हाय सात वाजता. पयल्यांदाच नाचती. मला म्होरं बसायला सांगितलंय तिनं."

"जा की," चांगुणा म्हणाली. तिनं नातीसाठी शेंगदाण्याचे लाडूही वळून डब्यात भरले.

संध्याकाळी तो लवकर आला. आदल्या रात्री रानातच राहून गव्हाला पाणी धरल्यानं त्याचे डोळे लाल झाले होते, कारण त्या आठवड्यात मोटारीला लाईट रात्रीचीच होती. घाईघाईनं त्यानं धारा काढल्या, किटल्या भरून ओट्यावर ठेवल्या. अजून वेळ होता. "चहा टाक," तो म्हणाला. "चहा हुईस्तोवर लाव जरा. धाकटा सापडला का न्हाई ते बघू."

तो बाजेवर बसला, मग कलला, आणि चहाला उकळी यायच्या आत त्याला झोप लागली.

चांगुणा कप घेऊन उभी राहिली. हाक मारायची होती. तिनं तोंड उघडलंही होतं. पण तो असा झोपला होता, एक हात डोक्याखाली, एक पाय बाजेखाली लोंबता, जसा ज्वारीच्या खळ्यावर झोपायचा दहा वर्षांचा असताना. पाच मिनिटं झोपू दे, ती स्वतःला म्हणाली. चहा झाकून ठेवला. त्याच्या अंगावर गोधडी टाकली. पाच मिनिटं झाली तेव्हा म्हणाली, अजून थोडं, रात्रभर जागलाय पोरगा. हे सगळं खरंच होतं. पण घड्याळात किती वाजलेत हेही तिला दिसत होतं.

मग फोन वाजला. खिडकीतल्या मोबाईलवर मोनिकाचा आणि ज्ञानूचा फोटो आला. कुठल्याशा लग्नातला असावा, वेणीला गजरा, डोळ्यांत काजळ, पोर नटून बसली होती. टीव्ही अडकला, चाक फिरायला लागलं. सुनील कूस बदलून परत झोपला. चांगुणानं मोबाईल उचलला आणि पालथा करून उशीखाली सारला. वाजून वाजून तो थांबला. मालिका पुढं सुरू झाली. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. ती बाजेच्या पायथ्याशी बसून राहिली. तिला आपण काय करतोय ते नीट कळत होतं, आणि तरी तिचा हात काही उशीकडं गेला नाही.

सुनील जागा झाला तेव्हा पाचवा भाग चालू होता. "किती वाजले?" म्हणत त्यानं घड्याळाकडं बघितलं. सव्वाआठ. तो ताडकन उठला. खिडकीत हात घातला, मोबाईल नव्हता. उशी उचलली.

"आई, मी सांगितलं हुतं तुला."

"दमला हुतास."

"मोबाईल उशीखाली कुनी ठिवला?"

"टीव्ही अडकत हुता," चांगुणा म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं चपला घातल्या आणि गाडी काढली. लाडवांचा डबा राहिला, दुधाच्या किटल्याही ओट्यावर तशाच राहिल्या. डेअरी तर केव्हाच बंद झाली होती. सकाळी बघते तर एका किटलीतलं दूध नासलेलं, ते तिनं उकिरड्यावर ओतलं.

पुढचे दोन दिवस तो आला, धारा काढल्या आणि गेला. टीव्हीवर नाव यायचं आणि थोड्या वेळानं जायचं. तिसऱ्या सकाळी तो खाली बघत म्हणाला, "संध्याकाळच्या धारा आजपासून खालच्या वस्तीवरचा कल्याण काढंल. बोललोय त्याच्याशी. डेअरीत बी तोच घालंल. ज्ञानू बोलना झाली माझ्याशी. संध्याकाळचं घरी असलेलं बरं."

घरी, म्हणाला तो. इतकी वर्षं तो नेवाशाला 'खोलीवर' जातो असं म्हणायचा.

"बरं," चांगुणा म्हणाली.

"आन हे बघ." त्यानं खिशातून काचेला तडा गेलेला एक मोबाईल काढला. "माझा जुना हाय. मोनिका म्हनली, आत्या एकट्या असत्यात, टीव्ही तरी बंद ठिवू नका त्यांचा. नवीन सिम टाकलंय. नाव, पासवर्ड सगळं तेच ठिवलंय, तुला काय करायला नको. चार्जरला लावून फळीवर ठिवतो, चोवीस तास चालू ऱ्हाईल." त्यानं सूर्यभानच्या फोटोशेजारी तो मोबाईल ठेवला, टीव्ही लावून बघितला. नाव आलं. "आता तुला माझ्यासाठी थांबायला नको," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण आईची सोय केली.

मोनिकाला बोल लावावा तर तीही जागा उरली नव्हती. जिच्या लेकीचा नाच बुडवला, तिनंच हा मोबाईल धाडला होता.

चार दिवस चांगुणानं दम धरला. मग एका दुपारी फळीवरच्या चार्जरचं बटण बंद केलं. संध्याकाळपर्यंत मोबाईल मेला. सकाळी ती म्हणाली, "सुनील, टीव्ही बंद पडलाय. सांच्याला जरा येऊन बघ." सांच्यापर्यंत कशाला, त्यानं तिथंच किटली खाली ठेवली, बटण दाबलं, मोबाईल चालू केला आणि किटली उचलली. सगळं उभ्याउभ्याच झालं. आठ दिवसांनी तिनं परत बंद केलं आणि या वेळी संध्याकाळीच त्याला फोन लावला. त्यानं फोनवरूनच सांगितलं, "फळीवर बटन हाय ते दाब. मग मोबाईलचं कडचं बटन धरून ठेव. लागला? आलं नाव? झालं मग." मागं ज्ञानू पाढे म्हणत होती. तिसऱ्या वेळी त्यानं गहिनीनाथलाच पाठवला.

गहिनीनाथनं मोबाईल उलटासुलटा करून बघितला. मग बोर्डाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "मावशी, ह्याला काय झालेलं न्हाई. बटन बंद हुतं."

"आसंल."

"सुनीलभाऊंना काय सांगू?"

"सांग, बिघडला हुता."

मग त्यानं पिशवीतून काळी चिकटपट्टी काढली आणि बटणावर आडवीतिडवी चिकटवून टाकली, चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून. चांगुणा बघत राहिली. तिनं विचारलं, "गहिनी, हे काढून पयल्यासारखी छत्री बसवता यील का रं?"

"यील की. तुमी सांगा, उद्याच्या उद्या बसवतो. पन कशाला? छत्री बसवा, न्हाईतर बॉक्स ठिवा, सारखंच हाय. आता दोन्हीला सुनीलभाऊ लागत न्हाई." तो तिला धीर देत होता. चहा घेऊन तो गेला.

आता मालिका भीमाबाई बघते. कल्याण धारा काढून, कोणाशी न बोलता किटल्या घेऊन निघून जातो. मग भीमाबाई येते आणि बाजेवर, सुनील बसायचा तिथं, पाय वर घेऊन बसते. तीन भावांची वाटणी अजून झालेली नाही. भीमाबाईला तिन्ही भाऊ नावानिशी पाठ झाले आहेत.

काल संध्याकाळी बराच वेळ गेलेली लाईट आली. टीव्ही लागला, फळीवरचा मोबाईल जागेवर होताच. कोपऱ्यात नाव आलं. सुनील. कनेक्ट केलेले. चांगुणा भाकरी थापत होती. नाव दिसताच तिनं पिठाचे हात झटकले, उठली, आधणाला भांडं घेतलं आणि त्यात दोन कप पाणी ओतलं. मग भांडं हातात धरून ती दाराकडं बघत उभी राहिली.

"काय गं आक्का," भीमाबाईनं टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "कोन आलं?"

"कोन न्हाई," चांगुणा म्हणाली. "नेट आलं."